केकची ऑर्डर घेण्याआधी घरातलं घड्याळ बघा



आजचा विषय दहा मिनिटांच्या व्हिडिओत मावला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये थोडी आकडेमोड आहे.

माझं सांगलीत बेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. प्रीमिक्स, व्हिपिंग क्रीम, नोझल, टर्नटेबल, बॉक्स, टॉपर असं सगळं. त्यामुळे आता मी जे बोलणार आहे ते माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जातं, हे आधीच सांगून टाकते. घरात लहान मुलं आहेत, स्वयंपाकघर एकच आहे, घरातलं करून उरलेल्या वेळात बेकिंग करायचंय आणि त्यातून महिन्याला काहीतरी ठरलेली रक्कम हवी आहे, अशा माणसाने सुरुवात केकपासून करू नये. ब्रेड आणि बिस्किटांपासून करावी. केक नंतर, तोही आपल्या अटींवर.

दुकानात नवीन येणाऱ्या दहापैकी नऊ जणी केकचंच सामान मागतात. साहजिक आहे. केकचा फोटो छान येतो, सोसायटीत नाव होतं, वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवतात. ब्रेडला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण टाळ्या हिशोबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायच्या, ते मला बीबीएत तरी कोणी शिकवलं नाही.

चला, हिशोब करू. अर्ध्या किलोचा साधा चॉकलेट केक. दर माझ्या दुकानातले धरलेत, तुमच्या गावात पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील. प्रीमिक्स ४० रुपये, क्रीम ६०, तेल-सिरप-इसेन्स १५, वरचं चॉकलेट ३०, खालचा बोर्ड १०, बॉक्स २०, टॉपर १५, वीज १५. झाले २०५. नवऱ्याने गाडीवरून पोचवला, पेट्रोल २० धरा. २२५. आमच्याकडे घरगुती केक ३५० ला सर्रास विकला जातो. हातात राहिले १२५.

आता वेळ मोजा. आणि प्रामाणिकपणे मोजा. केक ओव्हनमध्ये गेला की वेळ संपली असं धरू नका. मिश्रण, भांडी, केक गार होण्याची वाट, क्रीम फेटणं, थर लावणं, वरची सजावट, ओट्यावर सांडलेलं क्रीम पुसणं, परत भांडी, "नाव मराठीत लिहायचं की इंग्रजीत?" यावरचे पंधरा मेसेज, आणि पोचवणं. कितीही सफाईदार हात असला तरी एका केकला साडेतीन तास जातात. १२५ भागिले साडेतीन. तासाला ३६ रुपये पडले. तुमच्याकडे पोळ्या करायला मावशी येत असतील तर त्यांना तासाला किती पडतात ते काढा, आणि हे दोन आकडे शेजारी लिहा.

इथे मला नेहमी उत्तर येतं, "पण मी घरीच असते ना, वेळ तसाही जातोच." या एका वाक्यावर माझा खरा राग आहे. घरी असलेल्या बाईचा वेळ फुकट असतो, हे इतरांनी ठरवलं तर आपल्याला वाईट वाटतं. मग स्वतःच्या दरपत्रकात आपण तेच कसं छापतो? बीबीएच्या पुस्तकात याला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "तेवढ्या वेळात पोराचा अभ्यास झाला असता." अर्थ एकच.

आणि गंमत बघा, आपल्याच घरातल्या बायकांना ही मजुरी मोजता येत होती. तुमच्या आई-आजीला विचारा. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन पत्र्याचा डबा काखेत मारून गल्लीतल्या बेकरीत जायचं. बेकरीवाला मळून द्यायचा, ट्रे भरायचा, भट्टीत सरकवायचा, आणि डबाभर नानकटाई घरी यायची. सामान सगळं आपलं. मग त्याला पैसे कशाचे दिले? किलोमागे भाजण्याच्या मजुरीचे. "सामान तर आमचंच आहे, मग पैसे कसले?" असं कोणी म्हणायचं नाही. हात आणि भट्टी यांना दर असतो, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. तीच नानकटाई घरच्या ओव्हनमधून निघायला लागली आणि हाताचा दर गायब झाला.

घरगुती केकचं वेड तसं जुनंच. काचेची खिडकी असलेला तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर असेल. कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून केक करणाऱ्याही होत्याच. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरांत ओटीजी आले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेका सोसायटीत चार-चार केकवाल्या झाल्या. चौघींनी एकमेकींचे भाव पाडले. त्यातून ३५० आला. तो कोणी हिशोब करून काढलेला नाही.

तासाला १०० रुपये तरी मजुरी धरली तर वरचा केक ५७५ ला विकायला हवा. पण कोपऱ्यावरची बेकरी ३०० ला देते. कशी देते? ती एका वेळी मोठ्या ओव्हनमध्ये चाळीस स्पंज भाजते, क्रीमचे खोके घाऊक दराने उचलते, आणि एक मुलगा दिवसभर फक्त आयसिंग करतो. तिच्याशी साध्या केकवर भावात भांडायला गेलात तर तुम्ही हरणारच. यात तुमच्या चवीचा काही दोष नाही.

बरं, पैसे हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग घराचा.

केक हा तारखेचा पदार्थ आहे. वाढदिवस पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे पोराला ताप असो, सासऱ्यांचा डॉक्टर असो, दुपारी वीज गेलेली असो, सहाला केक म्हणजे सहालाच. केकच्या मिश्रणात बेकिंग पावडर पडली की ते थांबत नाही, लगेच भाजावं लागतं. वीज गेली तर मिश्रण वाया. तयार केक फ्रीजमध्ये ठेवायला अख्खा एक कप्पा रिकामा लागतो. मग दूध कुठे, भाजी कुठे, कालची आमटी कुठे, यावरून घरात शब्दाला शब्द. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा क्रीमचा केक गाडीवरून नेणं म्हणजे जीव मुठीत धरून जाणं. आणि ऑर्डर कधी येतात? रविवारी, ख्रिसमसला, ३१ डिसेंबरला. म्हणजे नेमकं घर जेव्हा घरी असतं तेव्हा.

माझ्या दुकानात नेहमी येणाऱ्या एक ताई आहेत. हात इतका सुबक की त्यांनी केलेलं साखरेचं जास्वंद बघून मला हात लावून खात्री करावी लागली. त्यांच्या मुलीचा वाढदिवस डिसेंबरअखेरीस असतो. एका वर्षी त्या दिवशी ऑर्डरचे सहा केक होते. सहाही वेळेवर गेले. मुलीचा केक मात्र संध्याकाळी बेकरीतून आणला. मुलगी काही बोलली नाही. ताईंनी मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, बॉक्स मोजता मोजता सहज सांगितलं. पण त्या दिवशी काउंटरवर मला पुढे काय बोलावं ते सुचेना.

आता ब्रेडकडे बघा.

ब्रेडचं पीठ थांबतं. हा एकच गुण घरातून काम करणाऱ्यासाठी सोन्यासारखा आहे. रात्री जेवणं उरकली की पीठ मळायचं, यीस्ट नेहमीपेक्षा निम्मं घालायचं, झाकण लावून पातेलं फ्रीजमध्ये. गारव्यात यीस्ट हळूहळू काम करतं, आठ-दहा तास सहज निघतात, आणि चवही सुधारते. सकाळी डबे, शाळेची बस, आंघोळी, देवपूजा होऊ द्या. नऊला पातेलं बाहेर काढा, साच्यात भरा, फुगू द्या, साडेअकराला ओव्हन लावा. मध्ये कोणी पाहुणे आले, पातेलं परत फ्रीजमध्ये. वीज गेली, तरी तासभर काही बिघडत नाही. बाळ रडतंय, दहा मिनिटांनी या, पीठ रुसत नाही. फक्त ऋतू ओळखायला शिका. आमच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं पीठ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत दुप्पट होतं, तेव्हा गार पाणी वापरायचं. डिसेंबरच्या सकाळी त्यालाच दोन तास लागतात.

हिशोब? ४०० ग्रॅमचा गव्हाचा ब्रेड घ्या. पीठ पाव किलो १२ रुपये, दूध ६, लोणी ९, यीस्ट २, साखर-मीठ २, पिशवी आणि लेबल ४, वीज ५. झाले ४०. विक्री ९० ला. हातात ५०. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी आठ ब्रेड. घरच्या ओटीजीत दोन साचे एका वेळी बसतात, म्हणजे चार घाण्या. ओव्हन अडीच-तीन तास चालेल, पण तुम्ही त्याच्यासमोर बसून राहायचं नाही, घड्याळ लावून आपलं काम करायचं. तुमच्या हातांचा वेळ मळणं, साचे, पिशव्या आणि आवराआवर धरून तीन तास. दिवसाला ४०० रुपये, तासाला १३३. महिन्याला चौसष्ट ब्रेड, ३,२०० रुपये. रक्कम लहान आहे, मान्य. पण पहिल्या तारखेलाच ती माहीत असते, आणि एकही रविवार जात नाही.

विजेबद्दल एक सांगते, कारण हे बहुतेक जण चुकीचं धरतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, पुढे १०१ ते ३०० चा जास्त, आणि वरचे टप्पे आणखी महाग. पंखा, फ्रीज, टीव्ही यातच तुमचे पहिले शंभर संपलेले असतात. त्यामुळे ओव्हनचं युनिट नेहमी तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने धरायचं. बिलाची सरासरी काढून धरलंत तर फसाल.

"९० ला ब्रेड कोण घेणार, लादीपाव स्वस्त मिळतो." बरोबर आहे. म्हणून लादीपाव करायचाच नाही. भट्टीच्या पावाला भट्टीची आच लागते, ती ओटीजीत येत नाही आणि त्या भावातही येत नाही. बेकरीत जे मिळत नाही ते करा. शंभर टक्के गव्हाचा, लसूण-कोथिंबिरीचा, तीळ-जवसाचा. नाचणीचा करायचा असेल तर एकूण पिठाच्या पाव हिश्श्याच्या वर जाऊ नका. नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे ब्रेडची वीट होते. नाचणीला खरं घर बिस्किटात मिळतं, तिथे ग्लुटेनची गरजच नसते.

आणि मुख्य म्हणजे ब्रेड संपतो. बाजारातल्या पाकिटातल्या ब्रेडसारखं टिकवणारं रसायन तुमच्या ब्रेडमध्ये नसतं, तो बाहेर दोन-तीन दिवस राहतो, पावसाळ्यात त्याहून कमी. लोकांना हा तोटा वाटतो. मला हा फायदा वाटतो. एका घराचा वाढदिवस वर्षातून चार वेळा येईल, नाश्ता रोज येतो. (गरम ब्रेड पिशवीत घालू नका, आत घाम येतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. पूर्ण गार होऊ द्या.)

बिस्किटांचं तर आणखी सोपं. पीठाचे रोल करून फ्रीजरमध्ये ठेवता येतात, सवड मिळेल तेव्हा कापायचे आणि भाजायचे. हवाबंद डब्यात नानकटाई पंधरा दिवस छान राहते. दिवाळीची ऑर्डर एका रात्रीत उरकायची नसते, आठवडाभर आधीपासून रोज एक-एक किलो होते. फक्त तुपाची म्हणून विकायची तर तुपाचीच करा. वनस्पती घालायचं असेल तर तसं लेबलवर लिहा आणि भाव कमी लावा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, वेळेची शिस्त. गोव्यात पोदेर सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून पाव घेऊन येतो, भोंपू वाजवतो. लोक पिशवी घेऊन दारात येतात. भोंपू चुकला तर पाव चुकला. पोदेराला रात्री अकराला मेसेज करून "उद्या सकाळी आठला अर्जंट हवेत" असं कोणी म्हणत नाही. पुण्याच्या कयानी बेकरीचंही तसंच, दुपारी दार बंद, आणि श्रुसबेरी संपली की संपली. एक ते चार दुकान बंद यावर आपण कितीही विनोद केले तरी लोक चारला परत रांगेत उभे राहतातच ना? मग तुमच्या घराला वेळ का नसावी? मंगळवार आणि शुक्रवार ब्रेड मिळेल, संध्याकाळी चार ते सहा घेऊन जा, नोंदणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत. पाटी लावा आणि पाळा. पहिले दोन महिने लोक कुरकुर करतात, मग सवय होते. आणि "घेऊन जा" हे महत्त्वाचं आहे. घरपोच द्यायला लागलात की नवरा नाहीतर मुलगा बिनपगारी डिलिव्हरी बॉय होतो, आणि त्याच्या कपाळावरची आठी तुमच्या कॉस्टिंगमध्ये धरलेली नसते.

नात्यातला भाव हा स्वतंत्र व्हिडिओचा विषय आहे, पण थोडक्यात: नणंदेला, जावेला, शेजारच्या काकूंना एकतर पूर्ण फुकट द्या, भेट म्हणून, प्रेमाने. नाहीतर पूर्ण दराने द्या. निम्म्या दरात देऊ नका. निम्म्या दरात तुमचे पैसेही जातात आणि भेट दिल्याचं श्रेयही मिळत नाही. वर त्या चारजणींना निम्मा दर सांगतात.

घरातल्यांना धंद्याआधी विश्वासात घ्या. विशेषतः अंड्याबाबत. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, काही घरांत वार पाळतात. हे भांडून सुटत नाही. पण ब्रेड आणि नानकटाईला अंडं लागतच नाही, त्यामुळे हा वाद मुळातच टळतो. तुम्ही अंड्याचा माल विकणार असाल तर लक्षात ठेवा, लेबलच्या नियमांत अंडं मांसाहारी धरलं जातं, हिरवं चिन्ह लावता येत नाही. आणि हो, घरातून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान व्यवसायाला साधी नोंदणी पुरते, ऑनलाइन होते. मी केली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापा, शेजारी बनवल्याची तारीख. रक्कम लहान आहे, टाळू नका.

ज्यांचा केकचा जम आधीच बसलाय त्यांनी तो उद्या बंद करावा असं मी म्हणत नाही. हात चांगला असेल तर तो बेकरीत न मिळणाऱ्या केकसाठी वापरा. साधा चॉकलेट, साधा पायनॅपल लोकांना बेकरीतून घेऊ दे. तुम्ही आठवड्याला दोनच केक घ्या, तीन दिवस आधी सांगितलेले, निम्मे पैसे आधी, भाव तुमच्या तासांवरून काढलेला. आणि कॅलेंडर उघडून घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसावर आत्ताच लाल फुली मारा. त्या दिवशी ऑर्डर बंद. हे ग्राहकाला सांगायला लाजू नका, "त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस आहे" यावर आजवर कोणी वाद घातल्याचं मी ऐकलं नाही.

कोणाला लगेच पैशांची निकड असते, हेही मला कळतं. केकला अ‍ॅडव्हान्स मिळतो, ब्रेडची गिऱ्हाईकं जमायला दोन-तीन महिने जातात. तोवर दोन्ही चालवा. पण वहीत दोघांची पानं वेगळी ठेवा आणि प्रत्येक पानावर तासांचा रकाना काढा. तीन महिन्यांनी कुठलं पान जड आहे ते कोणाला विचारावं लागणार नाही.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत यीस्ट जिवंत आहे की नाही ते कसं बघायचं ते दाखवते. कोमट पाणी, चिमूटभर साखर, दहा मिनिटं. फेस आला नाही तर पाकीट सरळ फेकून द्या, माझ्या दुकानातून घेतलेलं असलं तरी.